पहिले विरजण कोठून आले? जीवसृष्टीचा आरंभ आणि ईश्वराचा प्रश्न

केंद्रीय अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याची बातमी २०२३ मध्ये आली, तेव्हा देशभरातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमी नागरिकांनी खुले पत्र लिहून आपला निषेध नोंदवला. अभ्यासाचे ओझे कमी करण्यासाठी हा भाग काढला आणि बारावीच्या जीवशास्त्रात तो आहेच, असे त्यावर सांगण्यात आले. पण दहावीनंतर जीवशास्त्राकडे न वळणाऱ्या मुलांच्या वाट्याला तो येणार कधी, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात मात्र हा विषय अगदी पहिल्याच प्रकरणात राहिला. परिणामी मुलुंड किंवा बोरिवलीच्या एकाच इमारतीत, समोरासमोरच्या दोन दारांआड, अशी दोन मुले असू शकतात की त्यांतल्या एकाला डार्विन परीक्षेला आहे आणि दुसऱ्याला नाही.

या निमित्ताने एक जुना वाद पुन्हा उसळला. एक बाजू म्हणते की विज्ञानाने जीवसृष्टीचे कोडे सोडवले, आता देवाची गरज उरली नाही. दुसरी बाजू म्हणते की एवढी गुंतागुंतीची पेशी आपोआप तयार होणे शक्यच नाही, म्हणून देव आहे. दोन्ही बाजूंचा आवेश सारखाच असतो आणि माझ्या मते दोन्ही बाजू एकाच ठिकाणी घसरतात: जीवाचा आरंभ कसा झाला याच्या उत्तरावरच ईश्वराच्या अस्तित्वाचा निकाल लागणार आहे, असे दोघेही गृहीत धरतात. ते तसे का नाही, हे समजण्यासाठी आधी या गुंत्यातले धागे वेगळे करावे लागतील.

एक वाद, तीन प्रश्न

पहिला प्रश्न आजच्या जीवसृष्टीतील विविधतेचा आहे: वड, वाघ, बोंबील आणि माणूस हे इतके वेगवेगळे जीव कसे झाले? त्याचे उत्तर उत्क्रांतीने दिले आहे. जीवांच्या पिढ्यांमध्ये बारीकसारीक फरक पडतात, परिस्थितीला अनुकूल ठरणारे फरक टिकतात आणि कोट्यवधी वर्षांत त्यातून नव्या जाती निर्माण होतात. या टिकण्या-न टिकण्याच्या चाळणीला नैसर्गिक निवड म्हणतात. जीवाश्म, शरीररचना आणि डीएनए या परस्परांहून वेगळ्या पुराव्यांनी एकच वंशवृक्ष दाखवल्यामुळे शास्त्रज्ञांमध्ये या मुद्द्यावर मूलभूत मतभेद राहिलेला नाही.

दुसरा प्रश्न पहिल्या जीवाचा आहे. उत्क्रांती सुरू होण्यासाठी आधी स्वतःची प्रत काढणारे काहीतरी असावे लागते. ते कोठून आले? निर्जीव रसायनांपासून पहिला जीव घडण्याच्या या घटनेला जीवोत्पत्ती म्हणतात. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाने या प्रश्नाला हात घातलेला नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. १८७१ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या खासगी पत्रात त्याने एखाद्या कोमट डबक्यात क्षार, प्रकाश, उष्णता आणि वीज यांच्या साहाय्याने प्रथिनासारखा पदार्थ बनला असेल का, असा विचार करून पाहिला, एवढेच. हा प्रश्न आजही खुला आहे, मात्र त्याचे बरेच तुकडे हाती आले आहेत.

तिसरा प्रश्न ईश्वराचा. तो या दोहोंपेक्षा पुष्कळ जुना आहे आणि त्याची जात वेगळी आहे. ती कशी, हे पुढे येईल.

विरजणाचे कोडे

दही लावायचे तर विरजण हवे. विरजण म्हणजे दुधातल्या साखरेचे आम्ल करणारे जिवाणू. घरातले विरजण संपले तर आपण शेजारून चमचाभर आणतो, पण शेजारचे विरजणही आदल्या दिवशीच्या दह्यातलेच असते आणि ते दही त्याच्या आदल्या दिवशीच्या विरजणाचे. असे मागे मागे जात राहिले तर पहिले विरजण कोठून आले? जुन्या जाणत्या बायका सांगतात की विरजण नसेल तर कोमट दुधात हिरव्या मिरचीची देठे टाकून ठेवावीत. दही लागते, हे खरे. पण त्याचे कारण त्या देठांवर तसले जिवाणू आधीपासूनच असतात. म्हणजे कोडे सुटले नाही, फक्त भांड्यातून मिरचीच्या देठावर सरकले.

लुई पाश्चरने १८६० च्या सुमारास केलेले प्रयोग हेच सांगतात. कुजक्या मांसातून आणि शिळ्या रश्श्यातून जीव आपोआप उपजतात, अशी समजूत तोवर युरोपात पुष्कळ होती. पाश्चरने हंसाच्या मानेसारखी वळवलेली नळी असलेल्या चंबूत रसा उकळून ठेवला. हवा आत जात होती, पण धुळीबरोबरचे जिवाणू नळीच्या वळणात अडकत होते. रसा नासला नाही. मान मोडताच तो नासला. जीव जीवापासूनच येतो, हा निष्कर्ष त्यातून पक्का झाला.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: पाश्चरने जर हे सिद्ध केले, तर निर्जीवातून जीव आला असे शास्त्रज्ञ कोणत्या तोंडाने म्हणतात? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, परंतु पाश्चरने तपासले ते आजच्या हवेत, एका चंबूत, काही आठवडे किंवा महिने काय घडते एवढेच. जीवपूर्व पृथ्वीच्या हवेत मुक्त ऑक्सिजन जवळपास नव्हता. ऑक्सिजन नाजूक सेंद्रिय रेणूंना जाळून टाकतो. तयार झालेले रेणू खाऊन फस्त करणारे जिवाणूही नव्हते. आणि चंबूच्या जागी अख्खे समुद्र, तप्त झरे व ज्वालामुखींचे उतार होते. आज नवा जीव शून्यातून घडताना दिसत नाही, याचेही कारण यातच आहे.

रसायनापासून जीवाच्या उंबरठ्यापर्यंत

रशियातील अलेक्झांडर ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि ब्रिटनमधील जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशी कल्पना मांडली की आदिम पृथ्वीवर ऊर्जेच्या माऱ्याने साध्या वायूंपासून सेंद्रिय पदार्थ बनले, ते पाण्यात साठले आणि त्यातून पुढे जीव घडला. (हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. या विषयाच्या इतिहासात भारताचे नाव असे एका अनपेक्षित वाटेने येते.)

कल्पना तपासली गेली ती १९५० च्या दशकात. शिकागो विद्यापीठात हॅरल्ड युरी यांचा विद्यार्थी स्टॅन्ली मिलर याने काचेच्या उपकरणात पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरून त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांत पाणी रंगले आणि त्यात अमिनो आम्ले सापडली. प्रथिने ज्या घटकांपासून बनतात ते हेच. निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रयोगशाळेत जीव तयार झाल्याचा गवगवा झाला. तसे काहीही झाले नव्हते. अमिनो आम्ले म्हणजे जीव नव्हे आणि आदिम हवेत मिलरने घेतलेले वायू तेवढ्या प्रमाणात होते का, याबद्दल पुढे गंभीर शंका निघाल्या. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांचे प्रमाण जास्त धरले तर पीक कमी येते. तरीही त्या प्रयोगाने एक गोष्ट कायमची बदलली: जीवाचे घटक बनवण्यासाठी जीव लागत नाही, हे दिसले.

हे घटक पृथ्वीबाहेरही आपोआप बनतात, याची आता खात्री झाली आहे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत अमिनो आम्लांचे डझनावारी प्रकार मिळाले. नासाच्या यानाने बेन्नू या लघुग्रहावरून सुमारे १२१ ग्रॅम माती सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत तिच्यात, सजीव वापरतात त्या २० अमिनो आम्लांपैकी १४, शिवाय डीएनए आणि आरएनए यांची पाचही मूळ अक्षरे, म्हणजे ज्यांच्या क्रमाने त्यांत माहिती लिहिली जाते ते रेणू, सापडली. ही माती पृथ्वीच्या हवेशी संपर्क येऊ न देता बंद कुपीतून आल्यामुळे, नमुना इथे दूषित झाला असेल, या नेहमीच्या शंकेला इथे फारशी जागा राहत नाही.

खरी अडचण घटकांच्या पुढे आहे. आपल्या पेशीत डीएनए ही सूचनांची वही आहे आणि प्रथिने हे त्या सूचना राबवणारे कामगार आहेत. पण डीएनएची प्रत काढायला प्रथिने लागतात आणि प्रथिने बनवायला डीएनएमधील सूचना लागतात. मग आधी कोण? या कोड्यात फट पडली ती आरएनए या तिसऱ्या रेणूमुळे. आरएनए माहिती साठवतो, हे माहीत होते. काही आरएनए रासायनिक क्रिया घडवण्याचे कामही करतात, हे सिडनी ऑल्टमन आणि टॉमस चेक यांनी दाखवले आणि त्यांना १९८९ चे नोबेल मिळाले. पुढे पेशीतील प्रथिने जोडणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडली, तेव्हा त्याच्या गाभ्यात जोडणीचे काम आरएनएच करतो, असे आढळले. या संशोधनासाठी २००९ चे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक वेंकी रामकृष्णन. प्रथिने आणि डीएनए येण्याआधी दोघांचीही कामे आरएनए एकटाच करत असावा, या तर्काला त्यामुळे मोठे बळ आले.

सोल स्पीगेलमन यांनी १९६० च्या दशकात केलेला एक प्रयोग मला या सगळ्यांत अधिक विचार करायला लावणारा वाटतो. त्यांनी एका विषाणूचा आरएनए आणि त्याची प्रत काढणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, परीक्षानळीत ठेवले आणि प्रत निघाली की तिचा थोडा भाग पुढच्या नळीत घातला. साधारण ४,५०० अक्षरांचा रेणू ७४ फेऱ्यांनंतर २१८ अक्षरांवर आला होता, कारण आखूड रेणूची प्रत लवकर निघते आणि लवकर प्रत निघणारेच पुढच्या नळीत बहुसंख्येने जातात. तिथे पेशी नव्हती, हेतू नव्हता, निवड करणारे कोणी नव्हते. तरी निवड झाली. मात्र यातले विकर जिवंत विषाणूकडून उसने घेतलेले होते, म्हणजे विरजण इथेही शेजारूनच आणले होते. विकराच्या मदतीशिवाय स्वतःच्या अचूक प्रती काढत राहणारा, निसर्गात सहज बनू शकेल असा रेणू अजून कोणी दाखवू शकलेले नाही. जीवोत्पत्तीचा प्रश्न आज नेमका इथे अडलेला आहे आणि ते मान्य करण्यात विज्ञानाला कमीपणा नाही.

हा सारा प्रकार घडला कोठे, याबद्दलही दोन पक्ष आहेत. एक पक्ष समुद्रतळाच्या तप्त झऱ्यांकडे बोट दाखवतो, कारण तिथे ऊर्जा अखंड मिळते. दुसरा पक्ष जमिनीवरच्या, पुन्हा पुन्हा वाळणाऱ्या आणि भरणाऱ्या डबक्यांकडे, कारण लांब साखळ्या जुळताना पाण्याचे रेणू बाहेर पडावे लागतात आणि ते भर पाण्यात अवघड असते. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, पण पैज लावण्याइतका नाही.

एवढा वेळ होता का?

अंधेरीची गिल्बर्ट हिल अनेक मुंबईकरांनी रस्त्यावरून पाहिलेली असते. सुमारे दोनशे फूट उंच, काळ्या बेसॉल्टच्या उभ्या खांबांची ही टेकडी आता इमारतींच्या गराड्यात उभी आहे आणि तिच्या माथ्यावर देवीचे मंदिर आहे. दख्खनच्या लाव्हाच्या उद्रेकांतून आलेला हा कातळ सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. वरळी आणि मलबार हिलच्या भागात लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात त्याच जमान्यातील बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. आपल्या डोळ्यांना हा काळ अनादी वाटावा इतका मोठा आहे, आणि तरीही पृथ्वीचे वय, म्हणजे ४५४ कोटी वर्षे, त्याच्या सुमारे सत्तर पट आहे.

जीवाच्या सर्वांना मान्य होण्याजोग्या खुणा ऑस्ट्रेलियातील सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. आज पृथ्वीवर असलेल्या सगळ्या जीवांचा शेवटचा सामाईक पूर्वज मात्र २०२४ मधील एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वी होता. हा अंदाज टिकला, तर पृथ्वी निवल्यानंतर जीव घडायला तुलनेने थोडाच काळ लागला, असे म्हणावे लागेल. तो काळ अब्जावधी वर्षांचा नसून फार तर तीस-पस्तीस कोटी वर्षांचा ठरतो आणि “वेळ भरपूर होता, म्हणून झाले” हे सोयीचे उत्तर जरा लंगडे पडते. एवढ्या लवकर घडले म्हणजे ते फारसे अवघड नसावे, असा उलटा अर्थही त्यातून काढता येतो.

“हे सारे निव्वळ योगायोगाने?”

पेशीला लागणारी दोन हजार विकरे निव्वळ योगायोगाने जुळून येण्याची शक्यता ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी मोजली होती आणि ती एकावर चाळीस हजार शून्ये असलेल्या संख्येत एक इतकी नगण्य निघाली. भंगाराच्या गोदामावरून वादळ गेले आणि मागे जेट विमान तयार राहिले, असे म्हणण्यासारखेच हे आहे, हा त्यांचा दाखला जगभर गाजला. ईश्वराच्या बाजूने बोलणारे आजही तो देतात, जरी स्वतः हॉइल रूढ अर्थाने धार्मिक नव्हते.

हिशेब चुकीचा नाही. तो ज्या घटनेचा केला आहे, ती घटना घडली असे कोणीच म्हणत नाही. संपूर्ण पेशी एका फटक्यात जुळली, हे कोणत्याही जीवशास्त्रज्ञाचे मत नाही. रेणू कसेही जुळत नाहीत, त्यांना रासायनिक ओढी असतात. आणि प्रत काढणारा रेणू एकदा मिळाला की प्रत्येक छोटी सुधारणा जपली जाते, दरवेळी पाटी कोरी होत नाही. योगायोगाचा वाटा आहे, तो पहिल्या पायऱ्यांवर. तो नेमका किती, हे सांगता येत नाही, कारण जीवोत्पत्तीचे आपल्याजवळ एकच उदाहरण आहे आणि एका उदाहरणावरून शक्यता काढता येत नाही. पेशी आपोआप होणे अशक्य म्हणणाऱ्यांनी आणि विश्वात जीव जागोजागी असणारच म्हणणाऱ्यांनीही हे सारख्याच गांभीर्याने घ्यायला हवे.

जीव बाहेरून आला असेल तर?

ही कल्पना मराठी वाचकांना परकी नाही, कारण जयंत नारळीकर तिच्याविषयी आस्थेने बोलत आणि लिहीत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. हॉइल हे त्यांचे गुरू. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनमधून त्यांच्या पुढाकाराने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे निर्जंतुक नमुने घेतले गेले. २००५ च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांना हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे देण्यात आली. हे जिवाणू अंतराळातून आले, असे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे इस्रोने त्याच वेळी स्पष्ट केले होते. ज्या सिद्धान्ताच्या बाजूने आपले मन आहे तो तपासण्यासाठी इतकी काटेकोर खबरदारी घ्यावी आणि उत्तर अपुरे आल्यावर ते तसेच सांगावे, हा भाग मला निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तथापि जीव बाहेरून आला हे उद्या सिद्ध झाले, तरी तो बाहेर कसा घडला हा प्रश्न राहतोच. हे मिरचीचे देठ आहे.

“प्रयोगशाळेत जीव बनवला, मग देव कशाला?”

२०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या चमूने एका जिवाणूची जवळपास ११ लाख अक्षरांची संपूर्ण जनुकसंहिता रसायनांपासून जुळवली, दुसऱ्या जातीच्या जिवाणूच्या पेशीत घातली आणि ती पेशी नव्या संहितेप्रमाणे वाढू लागली. अचाट काम आहे, यात शंका नाही. पण पेशीचे आवरण, तिची यंत्रणा, तिची ऊर्जा हे सारे आधीच्या जिवंत पेशीचे होते आणि संहिताही निसर्गातूनच नकललेली होती.

समजा, उद्या कोणी बाटल्यांतील रसायनांपासून संपूर्ण जिवंत पेशी बनवली. त्याने देव नाही असे ठरेल का? आस्तिक म्हणेल की बुद्धिमान माणसाने योजना करून बनवली, म्हणजे बुद्धिमान कर्ता लागतोच. नास्तिक म्हणेल की कोणत्याही दैवी शक्तीवाचून, केवळ रसायनांच्या नियमांनी झाले. एकाच प्रयोगातून दोघांनाही हवे ते मिळते, याचा अर्थ त्या प्रयोगाला तो प्रश्न विचारलेलाच नाही.

घडा, वारूळ आणि दही

आपल्याकडे हा वाद देव मानणाऱ्या पूर्वेचा आणि न मानणाऱ्या पश्चिमेचा म्हणून रंगवला जातो. ते इतिहासाला धरून नाही. दहाव्या शतकातील नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तार्किक, उदयनाचार्यांनी ईश्वराच्या सिद्धीसाठी जे युक्तिवाद मांडले, त्यांतला पहिला असा: जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता लागतो, घड्याला जसा कुंभार, तसा जगाला ईश्वर. सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनी या धर्तीच्या युक्तिवादाला आधीच उत्तर देऊन ठेवले होते. मातीचा आकार दिसला की कुंभार गृहीत धरायचा असेल, तर वारूळही कुंभारानेच घडवले, असे म्हणावे लागेल. घड्यावरून कुंभार ओळखता येतो, कारण कुंभाराला घडा करताना आपण पाहिलेले असते. डोंगर करणाऱ्याला कोणी पाहिले?

वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनीही जगाचा कर्ता ईश्वर नाकारला. नवव्या शतकातील जैन आचार्य जिनसेनांनी विचारले की निर्माता कोणी न निर्मिता असू शकतो, तर जगच तसे का असू नये? सांख्यांनी प्रकृती स्वतःच परिणत होते, असे मानले आणि दूध जसे जाणीव नसताना वासरासाठी पान्हावते, तशी प्रकृती हेतू नसताना प्रवृत्त होते, असा दाखला दिला. ब्रह्मसूत्रांत तर चक्क दहीच येते. कुंभाराला चाक-दांडा लागतो, मग एकट्या ब्रह्माने साधनांशिवाय जग कसे केले, या शंकेवर सूत्र सांगते की दूध जसे दही होते तसे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्यावरची शंकाही घेतली आहे: दह्याला उष्णता वगैरे बाहेरचे साधन लागतेच की! त्यांचे उत्तर असे की उष्णतेने फक्त लवकर होते, दही होण्याची शक्ती दुधाचीच. विरजणातले जिवाणू त्या काळी कोणालाच ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्यामुळे दृष्टान्त आज विज्ञान म्हणून टिकत नाही. पण मागे मागे जात कोठेतरी थांबावे लागते आणि तिथे ‘हे स्वयंभू’ असे म्हणावे लागते, ही अडचण सर्वांनी ओळखली होती. आस्तिक ईश्वरापाशी थांबतो, नास्तिक विश्वाच्या नियमांपाशी. दुसऱ्याचे थांबणे प्रत्येकाला मनमानी वाटते.

ईश्वराच्या प्रश्नाची जात वेगळी ती इथे. मुळात काहीतरी आहे ते का आहे, निसर्गाला नियम का आहेत, आणि सर्वशक्तिमान दयाळू ईश्वर असेल तर निरपराध बालकाचे दुःख का, हे त्या प्रश्नाचे खरे आखाडे आहेत. कोणत्याही चंबूत त्यांचे उत्तर उकळत नाही.

रिकाम्या जागेतला देव

ग्रहांच्या कक्षांमध्ये हळूहळू साचणाऱ्या विसंगतींमुळे ग्रहमालेची घडी अखेरीस पुन्हा बसवावी लागेल, असे न्यूटनला वाटत होते आणि ते काम त्याने ईश्वराकडे सोपवले होते. पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने गणिताने दाखवले की गुरू आणि शनी यांच्या गतीतल्या ज्या विसंगती वाढत जातील असे वाटत होते, त्या ठरावीक काळाने उलटतात. ईश्वराला ज्या जागी बसवले होते ती जागाच गेली. पेशी अजून समजली नाही म्हणून देव आहे, असे सांगणारे श्रद्धाळू देवाला पुन्हा तशाच जागी बसवत आहेत आणि उद्या तो प्रतिकृती काढणारा रेणू सापडला तर काय करायचे, याची तजवीज त्यांच्यापाशी नाही. श्रद्धेचे याहून मोठे नुकसान नास्तिकांनीही केले नसेल.

धोका उलट दिशेनेही असतो. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्तात सृष्टिनिर्मितीच्या श्रद्धेला दुजोरा मिळतो, अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचले नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, तो आस्तिकाला आणि नास्तिकाला सारखाच खुला आहे, ही त्यांची भूमिका होती.

महाराष्ट्रात हा विवेक अनोळखी नाही. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने एकेश्वर मानला आणि रूढींवर टीका केली. जोतीराव फुल्यांनी मध्यस्थांवाचूनचा ‘निर्मिक’ मानला. आगरकर अज्ञेयवादी, म्हणजे ईश्वर आहे किंवा नाही हे जाणता येत नाही, असे मानणारे राहिले. आणि नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक असूनही, आपल्या समितीचा विरोध देवाधर्माला नसून त्याच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, असे सांगत राहिले. चौघांची ईश्वराबद्दलची उत्तरे चार दिशांची आहेत. मुलांना विज्ञान शिकवू नये, असे त्यांतल्या एकानेही म्हटले नाही.

उद्या दुसरीकडे जीव सापडला तर?

सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने मंगळावरील एका खडकात प्राचीन जीवाची खूण असू शकेल असे ठिपके आणि खनिजे आढळल्याचे जाहीर केले. ‘असू शकेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तसली खनिजे जीवावाचूनही बनू शकतात. पण मंगळावर जीव खरोखर सापडला, तरी पंचाईत राहील. उल्कापातांमुळे मंगळाचे खडक पृथ्वीवर येऊन पडलेले आहेत, त्यामुळे मंगळाचे आणि पृथ्वीचे विरजण एकच असण्याची शक्यता वगळता येणार नाही.

ती वगळण्याची एक कसोटी आहे. अमिनो आम्लांचे रेणू डाव्या आणि उजव्या अशा दोन रूपांत बनतात, जसे आरशातील प्रतिबिंब. पृथ्वीवरचे जीव प्रथिनांसाठी जवळपास सर्वत्र डावेच वापरतात. बेन्नूच्या मातीत मात्र दोन्ही रूपे साधारण सारख्या प्रमाणात होती, कारण नुसत्या रसायनाला डावे-उजवे सारखेच. जो जीव उजवी वापरतो किंवा ज्याच्या जनुकांची अक्षरेच निराळी आहेत, असा सापडला, तर जीव निदान दोनदा, स्वतंत्रपणे घडला असे म्हणता येईल. मग जीवोत्पत्ती हा दुर्मीळ अपघात नाही, हे ठरेल आणि हॉइल यांच्या हिशेबाचा विषय संपेल. ईश्वराचा प्रश्न त्याने संपणार नाही. निर्मिती एवढी मुबलक का, याचे उत्तर आस्तिक आणि नास्तिक आपापल्या पद्धतीने देतील.

अशा शोधासाठी मंगळापेक्षा दूरची, पृथ्वीशी खडकांची देवघेव होणे फार अवघड असलेली जागा अधिक उपयोगाची. गुरूचा चंद्र युरोपा तसा आहे. त्याच्या बर्फाच्या कवचाखाली खारट समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले नासाचे यान २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल. ते जीव शोधणार नाही आणि नमुनाही आणणार नाही. तिथे जीव तगण्याजोगी परिस्थिती आहे का, एवढेच ते तपासणार आहे.